कोरडे, राठ केस: खाऱ्या पाण्याच्या भागात काळजी कशी घ्यावी आणि तपासणी कधी करून घ्यावी?

काही महिन्यांपूर्वी चाळिशीतल्या एक ताई दवाखान्यात आल्या. पिशवीतून त्यांनी तेलाच्या चार बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, केस निरे झाडूवानी झाले. यातलं कोणतं लावू?" बाटल्यांवर दीड-दोन हजार रुपये खर्च झाले होते. मी तेलाबद्दल काही बोलण्याआधी दोन-तीन प्रश्न विचारले. थकवा येतो का? येतो. पोट साफ होते का? तीन-तीन दिवस नाही. थंडी जास्त वाजते का? घरात पंखा लागला की त्या चादर घेतात. रक्ततपासणीत थायरॉईड कमी काम करत असल्याचे दिसले. गोळी सुरू झाली आणि पाच-सहा महिन्यांत केसांचा पोत बराच सुधारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

कोरड्या केसांची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला थायरॉईडचा आजार नसतो. आमच्या पिंपळगाव राजा परिसरात बहुतेकांच्या बाबतीत कारण पाणी, ऊन आणि साबण हेच निघते. त्यासाठी महागडी औषधे लागत नाहीत, धुण्याची आणि विंचरण्याची सवय बदलावी लागते. पण काही जणांच्या बाबतीत कोरडे केस ही शरीराने दिलेली सूचना असते. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या तर पैसेही वाचतात आणि आजारही वेळेत सापडतो.

केस कोरडे होतात म्हणजे नेमके काय होते?

डोक्याच्या त्वचेखाली केसाचे मूळ असते. ते जिवंत असते. त्वचेबाहेर दिसणारा केस मात्र केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला निर्जीव धागा असतो. म्हणूनच केस कापताना दुखत नाही.

या धाग्यावर सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. घराच्या छपरावर कौले जशी एकावर एक बसवलेली असतात, तसे हे खवले बसलेले असतात. ते नीट मिटलेले असले की केस गुळगुळीत लागतो, चमकतो आणि आतला ओलावा टिकतो. खवले उघडले, झिजले किंवा तुटले की केस हाताला राठ लागतो, एकमेकांत अडकतो, गुंता होतो आणि टोकाला फाटे फुटतात.

त्वचेतील तेलग्रंथी मुळापाशी थोडे तेल सोडतात. लांब किंवा कुरळ्या केसांत ते टोकापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडे असे केस अनेकांचे असतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी. तुटलेला केस जखमेसारखा भरून येत नाही. बाहेरून लावलेल्या गोष्टी त्याला झाकतात, मऊ ठेवतात आणि पुढची झीज थांबवतात. नवीन, चांगला केस मुळातूनच यावा लागतो आणि केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे कोणताही उपाय दोन धुण्यांत तपासू नका. किमान तीन ते सहा महिने द्या.

आपल्या भागातील नेहमीची कारणे

१. खारे पाणी

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. आपल्या जिल्ह्यात घाटाखालच्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा अशा तालुक्यांतील अनेक गावांत विहिरी-बोअरचे पाणी खारट लागते. पाण्यात क्षार जास्त असले की साबणाला फेस येत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट थर तयार करतात. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, तसाच काहीसा केसांवर बसतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण घासतो आणि केस अधिकच राठ होतात.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. तुरटी फिरवल्याने पाण्यातील गाळ खाली बसतो, क्षार जात नाहीत. पाणी उकळल्याने जंतू मरतात आणि काही प्रकारचा जडपणा कमी होतो, पण मीठ तसेच राहते.

खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, गुंततात, तुटतात. मात्र केवळ खाऱ्या पाण्यामुळे मुळापासून टक्कल पडते, याला ठोस वैद्यकीय पुरावा नाही.

२. ऊन, वारा आणि धूळ

एप्रिल-मेमध्ये घाटाखाली पारा सहज ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. उन्हातील अतिनील किरणांमुळे केसातील प्रथिने कमकुवत होतात आणि रंगही तांबूस होतो. शेतात काम करणाऱ्या महिला, दुचाकीवर फिरणारे आणि कामावर उघड्या डोक्याने राहणारे पुरुष यांना याचा त्रास जास्त होतो.

३. साबण

अंगाच्या साबणाने, कधी तर कपड्याच्या साबणाने डोके धुणारे आजही पुष्कळ आहेत, विशेषतः पुरुष. केसाचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, साबण अल्कधर्मी असतो. साबणामुळे खवले उघडतात. रोज असे होत राहिले की केस नारळाच्या शेंडीसारखे होतात.

४. उष्णता आणि रसायने

लग्नसराईत केस सरळ करणे, रंगवणे, गरम यंत्राने वळवणे हे आता गावातही होते. यामुळे केसाची रचनाच बदलते आणि तो ठिसूळ होतो. केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांतून गरम करताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. ती डोळ्यांना आणि श्वासाला त्रासदायक असते. ग्लायॉक्झिलिक ॲसिड असलेली द्रव्ये वापरल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्णही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. त्यात केरळमधील रुग्णही आहेत. असा उपचार केल्यावर मळमळ, उलट्या, पाठीत दुखणे किंवा लघवी कमी होणे असे काही झाले तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि केसांवर काय लावले होते तेही सांगा.

केस धुण्याची योग्य पद्धत

• कोरडे केस आठवड्यातून एक-दोनदा धुणे पुरेसे असते. घाम आणि धुळीचे काम असेल तर मधल्या दिवशी नुसत्या पाण्याने धुवा.

• धुण्यापूर्वी कोरडे केस हलक्या हाताने विंचरून गुंता काढा.

• साबणाऐवजी सौम्य शाम्पू वापरा. शाम्पू थेट डोक्यावर ओतू नका. मगभर पाण्यात मिसळून टाळूला लावा. मळ टाळूवर असतो, टोकांना वेगळे चोळायची गरज नसते.

• कोमट किंवा साधे पाणी घ्या. कडक गरम पाणी केसांतील तेल काढून टाकते.

• कंडिशनर लावा. ही श्रीमंतांची चैन नाही, खाऱ्या पाण्याच्या भागात तर ती गरज आहे. किराणा दुकानात मिळणारी छोटी पुडीही चालते. ते टाळूला न लावता केसांच्या मधल्या भागापासून टोकापर्यंत लावा, दोन-तीन मिनिटे ठेवा आणि धुवा.

• बोअरचे पाणी खारे असेल तर सगळी अंघोळ गोड्या पाण्याने करणे परवडणार नाही. पण शेवटचे दोन मग नळाच्या गोड्या पाण्याचे किंवा कॅनच्या पाण्याचे घ्या. पावसाळ्यात स्वच्छ पत्र्यावरचे पाणी पहिल्या एक-दोन पावसांनंतर साठवले तर तेही केस धुवायला उत्तम.

• केस खसाखसा पुसू नका, टॉवेल आपटून झाडू नका. जुन्या मऊ सुती कापडात दाबून पाणी टिपा.

• ओले केस सर्वांत नाजूक असतात. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोके, मग मधला भाग आणि शेवटी मुळे अशा क्रमाने सोडवा. ओल्या केसांचा घट्ट अंबाडा किंवा वेणी घालू नका.

• उन्हात जाताना सुती रुमाल किंवा ओढणी बांधा. रुमाल रोज धुवा आणि दुसऱ्याचा वापरू नका.

तेल: किती, कधी, कोणते?

तेल केसाला 'खाऊ घालते' अशी समजूत आहे. निर्जीव धागा काही खात नाही. पण तेलाचा उपयोग नाही, असेही नाही. २००३ साली मुंबईतील संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात खोबरेल तेलाने धुण्या-विंचरण्यात होणारी प्रथिनांची झीज कमी केल्याचे दिसले. खोबरेलातील लॉरिक ॲसिडचा रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकते. हे संशोधन तेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतले होते, हेही लक्षात ठेवावे. तरीही अनुभवाशी ते जुळते आणि खोबरेल स्वस्त आहे.

दोन चमचे तेल धुण्यापूर्वी तासभर किंवा आदल्या रात्री, मुख्यतः केसांच्या लांबीला लावा. डोके चिंब करू नका. तेल लावून धुळीत गेलात तर मळाचा थर बसतो, तो काढायला जास्त शाम्पू लागतो आणि केस पुन्हा कोरडे होतात. कोमट तेल म्हणजे हाताला सोसेल इतके. गरम तेलाने टाळू भाजलेले रुग्णही मी पाहिले आहेत.

कोंड्याला कोरडेपणा समजू नका

डोक्यात खाज आणि पांढरे कण दिसले की घरातील मोठी माणसे म्हणतात, "डोकं कोरडं पडलं, तेल लाव." पण कोंडा बहुतेक वेळा कोरडेपणामुळे नसतो. त्वचेवरील मॅलासेझिया नावाची बुरशी तिथल्या तेलावर वाढते आणि त्यातून खवले सुटतात. तेल चोपडल्याने ते कण तात्पुरते चिकटून बसतात, म्हणून बरे वाटते. प्रत्यक्षात त्रास वाढू शकतो. अशा वेळी तेल काही आठवडे बंद ठेवावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने केटोकोनाझोलसारखा औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, दर वेळी ३ ते ५ मिनिटे ठेवून वापरावा. हे शाम्पू केस कोरडे करतात, त्यामुळे केसांच्या लांबीला कंडिशनर जरूर लावा.

लहान मुलाच्या डोक्यात खवले असलेला, केस तुटलेला गोल चट्टा दिसला तर तो गजकर्णाचा संसर्ग असू शकतो. त्याला पोटातून औषध घ्यावे लागते. दुकानातून खाज-चट्ट्याचे मलम आणून लावू नका. त्यातील स्टेरॉईडमुळे खाज कमी वाटते, पण संसर्ग दबून पसरत राहतो.

कोरडे केस आणि शरीरातील आजार

पाणी बदलले नाही, शाम्पू बदलला नाही, तरी काही महिन्यांत केसांचा पोत बदलला असेल तर आत डोकावून पाहावे लागते.

थायरॉईड कमी काम करणे: राठ केस, कोरडी त्वचा, थकवा, बद्धकोष्ठता, वजन वाढणे, थंडी सहन न होणे, पाळीत बिघाड. टीएसएच ही साधी रक्ततपासणी यासाठी पुरेशी सुरुवात आहे.

रक्तातील लोह कमी असणे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्ताचे प्रमाण कमी आहे. केस निस्तेज होणे, गळणे, धाप लागणे, नखे ठिसूळ होणे ही लक्षणे दिसतात. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासता येते.

प्रथिनांची कमतरता: केस प्रथिनाचाच बनतो. उपास, 'डाएट' किंवा चहा-बिस्किटावर दिवस काढणे याचा परिणाम केसांवर दोन-तीन महिन्यांनी दिसतो. तूर-मुगाची डाळ, हरभरा, शेंगदाणे, दही, अंडी यातले काहीतरी दोन्ही जेवणांत असावे. जेवणावर लिंबू पिळा, पण जेवणासोबत चहा नको. चहामुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते.

बाळंतपण, मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया: यानंतर दोन-तीन महिन्यांनी भरपूर केस गळतात. बहुतेकांचे केस सहा महिन्यांच्या आसपास आपोआप पूर्ववत होऊ लागतात.

औषधे: मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन, तसेच कर्करोगावरील काही औषधे केस-त्वचा कोरडी करतात. औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांशी बोला.

शेगाव तालुक्यातील घटनेने काय शिकवले?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ होणे आणि काही दिवसांतच केस हातात येणे, असा क्रम अनेकांनी सांगितला. लहान मुले, महिला, पुरुष, सगळ्यांनाच त्रास झाला. सुरुवातीला शाम्पूवर संशय गेला, मग पाण्यावर, मग बुरशीवर. आरोग्य विभाग आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकांनी गावांत येऊन नमुने घेतले. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम या खनिजाचे प्रमाण वाढलेले आढळले.

विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्रपणे अभ्यास केला. त्यांनी जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट सेलेनियम होते आणि त्याचा स्रोत रेशनच्या गव्हात असल्याचे त्यांनी म्हटले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये याच भागात नखे विद्रूप होऊन गळण्याच्या तक्रारी आल्या. केस आणि नखे दोन्ही एकाच काळात बिघडणे हे जास्त सेलेनियमचे ओळखीचे लक्षण आहे.

या काळात आमच्याकडेही दोन-चार केस गळले तरी घाबरून येणारे पुष्कळ होते. म्हणून फरक लक्षात ठेवा. रोज ५० ते १०० केस गळणे सामान्य आहे. कोरडेपणामुळे केस मधूनच तुटतो आणि ही प्रक्रिया महिनोन्‌महिने चालते. काही दिवसांत मूठभर केस मुळापासून येणे, घरात किंवा गल्लीत एकाहून अधिक जणांना तोच त्रास होणे, सोबत नखे बिघडणे, हे कोरडेपणाचे काम नाही. अशा वेळी तेल-शाम्पू बदलत बसू नका. आरोग्य केंद्राला कळवा, घरातील धान्य आणि पाण्याचा थोडा नमुना बाजूला ठेवा.

आणखी एक. या गावांतील रुग्णांना केसांपेक्षा लोकांच्या वागण्याचा त्रास जास्त झाला. केस गेलेल्या मुलींच्या शिक्षणात आणि लग्नात अडचणी आल्याचे समोर आले. सेलेनियममुळे होणारी केसगळती संसर्गजन्य नसते. स्पर्शाने, एकत्र बसण्याने ती पसरत नाही. कारण दूर झाल्यावर बहुतेकांचे केस पुन्हा आले.

'केसांच्या गोळ्या' घ्याव्यात का?

तपासणीत कमतरता सापडल्याशिवाय नको. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत सेलेनियम असते. प्रौढ माणसाला ते दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम इतकेच लागते. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकदम घेणाऱ्यांनी शेगावची आठवण ठेवावी, कारण जे कमी पडल्यास त्रास होतो तेच जास्त झाल्यास केस गळतात. जीवनसत्त्व 'अ' चेही असेच आहे.

बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉईडच्या काही तपासण्यांचा निकाल चुकीचा येऊ शकतो. अशी गोळी घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. ते सहसा दोन-तीन दिवस आधी ती थांबवायला सांगतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शिकेकाई-रिठा चांगले की शाम्पू?
शिकेकाई सौम्य असते, चालते. रिठा जास्त झाला तर केस कोरडे होतात आणि डोळ्यांत गेल्यास झोंबतो. कोरड्या केसांना रिठा कमी वापरा.

अंडे किंवा दही लावू का?
लावल्याने थोडा वेळ मऊपणा वाटतो. अंड्यातील प्रथिनांचे रेणू मोठे असतात, ते केसात शिरत नाहीत. अंडे खाल्लेले जास्त उपयोगी. लिंबाचा रस थेट टाळूला लावून उन्हात जाऊ नका, त्वचेवर चट्टे येऊ शकतात.

मेहंदीने केस कोरडे होतात का?
शुद्ध मेहंदी वारंवार लावल्यास काहींचे होतात. लावल्यानंतर तेल लावावे. 'काळी मेहंदी' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बहुधा पीपीडी हे रसायन असते. त्याची ॲलर्जी आल्यास कपाळ, डोळे सुजतात. आधी कानामागे थोडी लावून ४८ तास वाट पाहा.

टोके कापल्याने केस दाट होतात का?
नाही. पण फाटे वर सरकत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी अर्धा-एक सेंटिमीटर टोके कापून घ्या.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• तीन महिने योग्य काळजी घेऊनही फरक पडला नाही.
• कोरड्या केसांसोबत थकवा, वजनातील बदल, बद्धकोष्ठता किंवा पाळीचा त्रास आहे.
• डोक्यावर चट्टे, पू, वेदना किंवा जाड खवले आहेत.
• भुवया विरळ होत आहेत किंवा नखे बिघडली आहेत.
• लहान मुलाचे केस विरळ, तांबूस आणि सहज उपटले जाणारे झाले आहेत आणि वजन वाढत नाही.
• काही दिवसांतच भरपूर केस गळले आहेत.

येताना सध्या वापरत असलेला शाम्पू, तेल आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. त्या ताईंनी आणलेल्या चार बाटल्यांपैकी एक साधे खोबरेल होते. तेवढे ठेवा, असे मी सांगितले. बाकी तीन त्यांनी पुन्हा विकत घेतल्या नाहीत.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तक्रारीसाठी जवळच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)